रस्त्यावरची गाडी ड्रॅग स्ट्रिपवर नेताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या सोनोमा रेसवेवर बुधवारी संध्याकाळी ड्रॅग, म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांच्या शर्यती, असतात. तिथल्या रांगेत सकाळी ऑफिसला जाऊन आलेल्या गाड्याही दिसतात. अमेरिकेतल्या बऱ्याच स्ट्रिपवर अशी 'टेस्ट अँड ट्यून'ची संध्याकाळ होते. पैसे भरायचे, गाडी तपासून घ्यायची (हीच टेक-तपासणी) आणि रांगेला लागायचं. बे एरियात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकांची पहिली ड्रॅग रेस अशीच होते. गाडी बहुधा टेस्ला असते, नाहीतर मस्टँग. आणि पहिल्याच संध्याकाळी घरी पाठवलं गेल्याचे किस्सेही त्यांच्याकडूनच ऐकायला मिळतात.

घरी पाठवलं जाण्याचं कारण बहुतेक वेळा एकच. माणूस नियम गाडीच्या नावाने वाचतो. 'माझी तर साधी सेडान आहे, मला कुठे रोल केज लागतोय!' (गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत बसवलेली पोलादी कमान म्हणजे रोल बार आणि पूर्ण पिंजरा म्हणजे रोल केज.) पण नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचे, म्हणजे एनएचआरएचे, नियम लागू होतात ते फेरीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या स्लिपवर छापून येणाऱ्या सेकंदांना. रस्त्यावरच्या शर्यती बंद ट्रॅकवर याव्यात म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ साली ही संस्था काढली. तिच्या नियमपुस्तकाचा कणा आजही घड्याळ हाच आहे. पाव मैल, म्हणजे १३२० फूट, किती वेळात कापलं त्यावर हेल्मेट, जॅकेट, रोल बार, केज आणि लायसन्स हे सगळं ठरतं. प्रतिक्रियेचा वेळ त्यात धरत नाहीत. हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही डुलकी काढलीत तरी तुमची ईटी, म्हणजे ट्रॅक कापायला लागलेला वेळ, तेवढीच राहते.

आकडे पाठ नसणे

पहिला आकडा १३.९९. तेवढ्या किंवा त्याहून कमी सेकंदांत पोहोचलात तर हेल्मेट सक्तीचं. अर्ध्या अंतराच्या, म्हणजे ६६० फुटांच्या ट्रॅकवर हाच आकडा ८.५९ होतो. मागच्या वेळी १४.१ आले म्हणून हेल्मेट घरी ठेवू नका. थंड, दाट हवेत तीच पेट्रोल गाडी सहज थोडी जलद पळते. मग पुढची फेरी उसन्या हेल्मेटवर मारावी लागते, नाहीतर मारताच येत नाही.

पुढचा आकडा ११.४९. इथून रोल बार लागतो. छत उघडणाऱ्या गाडीला तो १३.४९ पासूनच लागतो, आणि मियाटा किंवा मस्टँग कन्व्हर्टिबल नेणाऱ्यांना हे हमखास माहीत नसतं. ९.९९ सेकंद किंवा ताशी १३५ मैल गाठले की पूर्ण रोल केज, चासीचं (गाडीच्या सांगाड्याचं) प्रमाणपत्र आणि चालकाचं स्पर्धा-लायसन्स लागतं.

आता तुम्ही म्हणाल, टेस्लाची मॉडेल थ्री परफॉर्मन्स तर कारखान्यातून आली तशीच अकरा सेकंदांच्या घरात पळते, तिला कोणी रोल बार बसवायचा? त्यासाठी सवलत आहे. २००८ आणि त्यानंतरच्या मॉडेलची, कंपनीने दिलेली एअरबॅग, एबीएस आणि मूळ सांगाडा जसाच्या तसा असलेली गाडी १०.०० सेकंद आणि १३५ मैलांपर्यंत बारशिवाय चालते. २०१४ आणि पुढच्या मॉडेलसाठी ही हद्द नंतर ९.०० सेकंद आणि १५० मैलांपर्यंत वाढवली. डॉजने २०२३ मध्ये डीमन १७० आणली तेव्हा तिची ईटी ८.९१ सेकंद आणि वेग १५१.१७ मैल होता. दोन्ही आकडे हद्दीपलीकडचे, म्हणून केजशिवाय ही गाडी पळवता येणार नाही असं पत्र एनएचआरएने दिलं. कंपनीने त्या पत्राचीच जाहिरात केली, ही गोष्ट वेगळी. टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडचा कंपनीचा दावा ९.२३ सेकंदांचा आहे. सेकंदांत ती बसते, पण वेग १५० च्या वर गेला तर तिथे अडते. दोन्ही रकाने वाचायचे असतात, हे लोक विसरतात.

हद्द जवळ आली की शेवटच्या तीनशे फुटांत पाय उचलायचा, ही युक्ती बऱ्याच जणांना सुचते. ती चालत नाही. स्लिपवर ६०, ३३०, ६६० आणि १००० फुटांचे वेळही छापलेले असतात. ६६० फुटांना ६.२ सेकंद दिसले की टॉवरमधून वेळ पाहणाऱ्या माणसाला पुढचं गणित सांगावं लागत नाही. शिवाय शेजारच्या लेनमधली गाडी पूर्ण वेगात असताना अचानक ब्रेक मारणं धोक्याचं असतं.

'रेसिंग लूक'साठी सवलत घालवणे

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती पैसे खर्च करून केली जाते. गाडी ट्रॅकवर न्यायची म्हणून बाजारातलं छोटं स्टिअरिंग आणि बकेट सीट बसवली जाते. स्टिअरिंगबरोबर एअरबॅग जाते, सीटबरोबर बाजूची एअरबॅग जाते. त्याच क्षणी गाडी वरच्या सवलतीतून बाहेर पडते आणि ११.४९ चा जुना नियम तिला पुन्हा लागू होतो.

त्याहून वाईट म्हणजे रोल बार नसताना चार पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे खांद्यांवरून आणि कमरेवरून घट्ट बांधायचा रेसिंगचा पट्टा. साध्या तीन-पॉइंट पट्ट्यात गाडी उलटली तर धड थोडं बाजूला झुकू शकतं. हार्नेस माणसाला ताठ धरून ठेवतो आणि छत दबलं की डोक्याला जागाच उरत नाही. मांड्यांमधला पट्टा नसेल तर समोरच्या धडकेत शरीर कमरेच्या पट्ट्याखालून सरकतं, ते वेगळंच. हार्नेस, बार आणि सीट हा एकत्र विचार आहे. यातला एक भाग हवा असेल तर तिन्ही बसवा, नाहीतर कंपनीचा पट्टा लावा. एसएफआय १६.१ या रेसिंग सुरक्षा मानकाच्या हार्नेसची मुदत बनवल्या तारखेपासून दोन वर्षं असते. लेबलवरची तारीख टेक-तपासणीत पाहतात, त्यामुळे सेकंडहँड हार्नेस घेताना ती आधी वाचा. आणि रोल बार बसवून तीच गाडी रोज रस्त्यावर चालवत असाल तर बारला पॅडिंग हवंच. हेल्मेटशिवायचं डोकं त्या पोलादी नळीवर आपटलं तर सिग्नलवरची साधी धडकही महागात पडते.

चुकीचं हेल्मेट

भारतातून आणलेलं आयएसआय मार्कचं हेल्मेट इथे चालत नाही. नुसता डीओटीचा (अमेरिकी वाहतूक खात्याचा) स्टिकर असलेलंही चालत नाही. आतल्या अस्तराखाली स्नेलसारख्या मान्य मानकाचं लेबल लागतं. स्नेल संस्था आपली मानकं साधारण दर पाच वर्षांनी बदलते आणि ट्रॅक जुनी मानकं एकेक करून बाद करतात. मोटरसायकलसाठीच्या 'एम' लेबलवर हळू गाड्यांचं भागतं. तरी विकत घ्यायचंच असेल तर 'एसए' घ्या. त्याच्या चाचणीत आगीला टिकणारं अस्तर आणि रोल बारवर आदळण्याचा मारा असतो, 'एम'मध्ये हे दोन्ही नसतं.

टेक-तपासणीत अडकवणाऱ्या बारीकसारीक गोष्टी

हाफ पँट, बनियनवजा टी-शर्ट आणि चपला घालून चालकाच्या सीटवर बसता येत नाही. पूर्ण पँट, बाह्यांचा शर्ट, मोजे आणि बंद बूट लागतात. जुलैच्या उन्हात हे जिवावर येतं, पण वाद घालून उपयोग नसतो.

चाकांवरच्या टोप्या काढा. सगळे नट जागेवर हवेत. टायरची नक्षी किमान एक षोडशांश इंच असावी. डिकीत दिलेलं बारकं स्पेअर चाक लावून आलात तर तिथूनच परत. बॅटरी पक्की बसवलेली हवी, रबरी दोरीने बांधलेली नको. ती डिकीत हलवली असेल तर गाडीच्या मागच्या बाजूला मुख्य कटऑफ स्विच हवा. रेडिएटरचं ओसंडणारं पाणी धरायला एक पाइंटाची टाकी लागते. गाडी इलेक्ट्रिक असेल तर तपासणाऱ्याला आधीच सांगा आणि आपत्कालीन कट-लूप (कापला की हाय-व्होल्टेज वीज बंद होते ती तार) कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा.

आणि गाडी रिकामी करा. डॅशबोर्डवर दोन बाजूंच्या टेपने चिकटवलेला गणपती, फोनचा स्टँड, डिकीतल्या घडीच्या खुर्च्या, मुलांची बॅट. गणपती आदल्या रात्रीच काढून देवघरात ठेवावा. तपासणीच्या रांगेत टेप खरवडत बसणं बरं दिसत नाही. फेरीच्या वेळी काचा वर आणि गाडीत बहुतेक ठिकाणी तुम्ही एकटेच. 'बायकोला नुसतं बाजूला बसू द्या' ही विनंती रोज कोणीतरी करतं आणि बहुतेक वेळा नाही म्हणतात.

सुरुवातीच्या रेषेवर

स्टेजिंग लेनमध्ये, म्हणजे फेरीसाठीच्या रांगेत, शिरताच एसी बंद करा, त्याचं पाणी बरोबर टायरपुढे ठिबकतं. बर्नआउटसाठी, म्हणजे टायर जागीच फिरवून तापवण्यासाठी, ठेवलेलं पाणी (वॉटर बॉक्स) स्लिक, म्हणजे बिनखाचांच्या, टायरवाल्यांसाठी असतं. रस्त्यावरच्या टायरच्या खाचांत ते अडकतं आणि रेषेवर येऊन सांडतं. तुमची गाडी तर घसरतेच, तुमच्या मागच्याचीही घसरते. वॉटर बॉक्सला वळसा घालून या. गाडी रेषेवरून जागीच फिरत असेल तर आधी याच गोष्टी तपासा, टायरच्या हवेकडे नंतर वळा.

शेवटच्या टोकाला

अंतिम रेषेनंतर ब्रेक हळूहळू दाबा. बाहेर पडण्याचा रस्ता ज्या बाजूला आहे त्या लेनमधली गाडी आधी वळते, दुसरीने थांबायचं. तिच्यापुढून कापून जाऊ नका. इंजिनातून काही गळत असल्याची शंका आली तर भिंतीकडे सरका आणि थांबा. गॅरेजपर्यंत पोहोचायच्या नादात तेलाची रेघ ओढणाऱ्यामुळे सगळा ट्रॅक बंद पडतो आणि साफसफाईत त्या संध्याकाळचा बराच वेळ जातो.

लायसन्सचा घोळ

दहा सेकंदांहून हळू असलेल्यांना राज्याचं वैध ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं, मात्र शिकाऊ परमिट चालत नाही. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या भाच्याला गाडी द्यायची असेल तर त्याचे कागद चालतील का हे ट्रॅकला आधी फोन करून विचारा. अठराच्या आतला असेल तर पालकांच्या सह्यांचा वेगळा फॉर्म असतो. ९.९९ किंवा त्याहून कमी सेकंदांत उतरायचं असेल तर वैद्यकीय तपासणी, डोळे बांधून गाडीतली बटणं-खटके ओळखण्याची परीक्षा, टप्प्याटप्प्याने मारलेल्या फेऱ्या आणि आधीच लायसन्स असलेल्या चालकांच्या सह्या लागतात. हे एका संध्याकाळी उरकायला जाऊ नका.

हाच भाचा परत जाऊन पुण्यात ड्रॅग करायचं म्हणाला तर तिथलं खातं वेगळं. भारतात मोटर स्पोर्टचं नियंत्रण एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेकडे आहे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा भरत आली आहे. असल्या स्पर्धेत उतरायचं तर आयोजकाकडून लायसन्स आणि तपासणीचे नियम आधीच मागवावेत. मरीन ड्राइव्हवर किंवा एक्स्प्रेसवेवर मध्यरात्री लावलेली शर्यत मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

विमा

गेटवर सही केलेल्या कागदात तुम्ही ट्रॅकवर दावा करण्याचा हक्क बराचसा सोडलेला असतो. अमेरिकेतल्या अनेक खासगी वाहन पॉलिसींमध्ये रेसिंगसाठी बांधलेल्या जागेत झालेलं नुकसान वगळलेलं असतं, मग तुम्ही शर्यतीत असा किंवा नुसता सराव करत असा. गाडी लीजवर असेल तर करारातही असं कलम आहे का पाहा. एजंट फोनवर 'काळजी करू नका' म्हणाला तरी ते लेखी मागा. भिंतीला घासलेल्या बंपरचा फोटो पाठवताना मागे ख्रिसमस ट्रीचे, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या खांबाचे, दिवे दिसत असले की दावा तपासणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.