कीर्तन लाइव्ह करताना फ्रेम गळत असतील तर

बीड-परभणीकडच्या गावांत सप्ताहाचं कीर्तन रात्री नऊला उभं राहतं आणि ऐन रंगात आलं की बघणाऱ्यांच्या मोबाइलवर चक्र फिरायला लागतं. मग मंडपातला कुणीतरी जाणता सांगतो, "बिटरेट वाढव, क्लिअर दिसंल." त्याचं अजिबात ऐकू नका. (बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वर पाठवायचा तो आकडा.)

लॅपटॉपवरून लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर म्हणजे ओबीएस; त्यातली स्टॅट्सची खिडकी उघडा. तिथे तीन आकडे आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा. रेंडरिंग लॅग (लॅपटॉपला चित्र जुळवायला होणारा उशीर) वाढत असेल तर सेकंदाला ६० फ्रेमवरून, म्हणजे चित्रांवरून, ३० वर या. एन्कोडिंग लॅग (व्हिडिओ दाबून लहान करायला होणारा उशीर) असेल तर ते काम ग्राफिक्स चिपवर टाकणारे एनव्हेंक किंवा क्विकसिंक निवडा; प्रोसेसरवर चालणारं एक्स२६४ च वापरायचं असेल तर त्याचं प्रीसेट (वेगाची सेटिंग) 'सुपरफास्ट' ठेवा. वैशाखात पत्र्याखाली तापलेला लॅपटॉप आपोआप मंदावतो, तेव्हा एक पंखा त्याच्याकडेही वळवा. या दोन्ही दुखण्यांत सिम बदलून काही होत नाही.

खरी गोची तिसऱ्या आकड्याची, नेटवर्कच्या ड्रॉप्ड फ्रेम्सची. ओबीएस तयार करतो तेवढा डेटा वर चढला नाही की तो रांगेत तुंबतो आणि रांग भरली की फ्रेम टाकून दिल्या जातात. अशा वेळी बिटरेट वाढवणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी घागर ओतणं.

अपलोड मोजण्यातच बहुतेकांची फसगत होते. दुपारी रिकाम्या मंडपात स्पीड टेस्ट १२ एमबीपीएस दाखवते आणि पोरं ६००० केबीपीएसचा, म्हणजे ६ एमबीपीएसचा, बिटरेट लावून मोकळी होतात. रात्री तेवढ्याच जागेत हजारभर मोबाइल त्याच टॉवरला लटकलेले असतात. शिवाय ती टेस्ट काही सेकंदांची, कीर्तन दोन तासांचं. म्हणून आदल्या रात्री, कीर्तन चालू असताना, कॅमेरा लागणार त्याच जागेवरून चार-पाच वेळा मोजा. डाउनलोडकडे बघूही नका. अपलोडचा सगळ्यात कमी आलेला आकडा घ्या आणि त्याचा निम्माच वापरा. ५ एमबीपीएस आला तर बिटरेट २५०० केबीपीएस, ७२० पी, ३० फ्रेम. १०८० पी चा हट्ट धरलात तर एवढ्या बिटरेटमध्ये महाराजांनी हात उचलला की हाताचे ठोकळे होतात.

रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम एकसारखा), कीफ्रेम (पूर्ण चित्र पाठवायचं अंतर) २ सेकंद. ऑडिओ १२८ केबीपीएसच्या खाली नेऊ नका, टाळांचा आवाज आधी फाटतो. आणि चित्र धूसर झालं तर लोक चालवून घेतात, अभंग तुटला तर नाही. ॲडव्हान्स्डमध्ये बिटरेट आपोआप कमी-जास्त करण्याचा पर्याय आहे, त्यावर टिक करा. नेट दबलं की फ्रेम गाळण्याऐवजी ओबीएस बिटरेट खाली आणतो.

मोबाइलचं नेट यूएसबी केबलने घ्या. गर्दीत हॉटस्पॉटचा भरवसा नाही.

आता पॅक. २५०० अधिक १२८ म्हणजे तासाला सुमारे १.२ जीबी. रोजच्या २ जीबीचा पॅक पावणेदोन तासांच्या आतच संपतो, वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि शेवटची आरती कुणालाच दिसत नाही. कीर्तनाआधी डेटाचं वेगळं रिचार्ज मारा, आणि त्या सिमवर दिवसभर कुणाला रील बघू देऊ नका.