गोव्यातील मिश्र वाटांसाठी रुंद ट्यूबलेस टायर

सत्तरी तालुक्यातला जांभ्या दगडाचा कच्चा रस्ता, खाजनाचा (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा) मातीचा बांध आणि मधला डांबरी टप्पा सायकलवरून एकाच फेरीत गाठायचे असतील, तर 40 ते 45 मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर मला सर्वांत योग्य वाटतात. मात्र छापील रुंदीवर विसंबू नये, कारण रुंद रिमवर तोच टायर काही मिलिमीटर अधिक फुगतो आणि पावसाळ्यातला चिकट तांबडा चिखल चाक व फ्रेम यांच्यामध्ये साचून चाक अडवतो. म्हणून दोन्ही बाजूंना किमान 6 मिलिमीटर मोकळी जागा राहते का, हे टायर बसवून, हवा भरूनच मोजावे.

हवेच्या दाबाबाबत बहुतेकांची चूक जास्त हवा भरण्याची असते. सुमारे 70 किलो वजनाच्या स्वाराने पुढे 30 आणि मागे 33 पीएसआयपासून सुरुवात करावी, नंतर एकेक पीएसआय कमी करत जावे आणि दगडावर रिम आपटू लागली किंवा वळणावर टायर लचकू लागला की दोन पीएसआय वाढवून तेथेच थांबावे. टायर व रिम यांवर छापलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी असेल, तो कधीही ओलांडू नये.

या रुंदीला प्रत्येक चाकात साधारण 60 मिलिलिटर सीलंट (टायरमधली छिद्रे आतून बुजवणारा द्रव) लागते. उष्णतेत ते लवकर सुकते, त्यामुळे दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून, आत बारीक काडी घालून ओलावा तपासावा. सोबत एक ट्यूब ठेवावीच. ती घालण्यापूर्वी टायरच्या आतल्या बाजूने काटे चाचपून काढावेत.