दोन जवळच्या हिरव्या रंगांतून एक निवडताना
शेड कार्डावर जवळजवळ सारखे दिसणारे दोन हिरवे रंग भिंतीवर गेले की वेगळे वाटतात, कारण एकात पिवळसर आणि दुसऱ्यात राखाडी झाक असते आणि ती मोठ्या पृष्ठभागावरच उठून दिसते. म्हणून दोन्हींचे सर्वांत लहान डबे आणून २ फूट बाय २ फूट आकाराच्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर प्रत्येकी २ हात द्यावेत, कडेने दोन बोटे पांढरी पट्टी सोडावी आणि रंग पूर्ण वाळल्यावरच तुलना करावी. ओले इमल्शन (भिंतीला लावायचा पाण्यात मिसळणारा रंग) बहुधा फिकट दिसते व वाळल्यावर गडद होते. जुन्या भिंतीवर थेट पट्टे ओढू नयेत, कारण शेजारचा मळकट पिवळा रंग डोळ्यांना फसवतो.

पुठ्ठे भिंतीला टेकवून उभे ठेवावेत आणि सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहावेत. २७०० केल्विनच्या (केल्विन हे दिव्याच्या प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पिवळ्या दिव्याखाली राखाडी हिरवा मातकट दिसू लागतो, तर ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तोच निळसर वाटतो. खिडकीबाहेर आंब्याचे झाड असल्यास त्याच्या पानांवरून येणारा उजेडही भिंत अधिक हिरवी करतो. हे मात्र सहसा रंग लावून झाल्यावरच ध्यानात येते.