पुणे ते मालवण, लहान मूल घेऊन गाडीने: मांडीवर नाही, सीटमध्येच

माझं सासर मालवणचं आणि बिऱ्हाड पुण्यात. गणपती, मे महिना आणि जमलं तर आंगणेवाडीची जत्रा, म्हणजे वर्षातून तीन वेळा तरी ही वाट होतेच. अंतर चारशे किलोमीटरच्या आतबाहेर. मोठी माणसंच असतील तर आठ-साडेआठ तासांत पोचतात, मूल असेल तर अकरा तास धरून चाला. लेक वर्षाची व्हायच्या आधीपासून आम्ही असे जातोय. ती आता चार वर्षांची आहे आणि धाकटा दीडचा.

कपडे किती घ्यायचे, डायपर किती, तापाचं औषध कुठल्या पिशवीत, हे सांगत बसणार नाही. दीड वर्ष मूल सांभाळलेल्या माणसाला ते कळतं. मला सांगायचंय ते वेगळंच.

निघायची वेळ

"रात्री निघा, पोर झोपून जाईल," हा सल्ला प्रत्येक जण देतो. पोर झोपतं, खरं आहे. पण पहाटे दोन ते पाच या वेळात गाडी चालवणाऱ्याचे डोळेही मिटायला लागतात, आणि महामार्गावर डुलकी एका सेकंदाची असली तरी पुरते. आम्ही रात्री लवकर झोपतो आणि पहाटे पाचला निघतो. मूल झोपेतच गाडीत येतं आणि साताऱ्यापर्यंत उठत नाही. चालवणाऱ्याची झोप पूर्ण झालेली असते.

सीट

आता मूळ मुद्दा. लेक अकरा महिन्यांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा मालवणला नेलं. चाइल्ड सीट, म्हणजे मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी छोटी सीट, घेतली होती, पण डब्यातून काढून थेट प्रवासाच्या दिवशीच बसवली. ती शिरवळपासून रडायला लागली. खंबाटकी घाट संपेपर्यंत आवाज बसला होता तिचा. सातारा गेलं, उंब्रज गेलं, मला ऐकवेना. मी पट्टे सोडले आणि तिला मांडीवर घेतलं. दोन मिनिटांत शांत झाली. सगळ्यांना बरं वाटलं.

तासवडे टोलच्या अलीकडे पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, नवऱ्यानेही मारला. टक्कर झाली नाही. गाडीचा वेगही फार नव्हता. तरी लेक माझ्या हातांतून सुटली आणि तिचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं. मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण "आम्ही घट्ट धरतो हो" हे वाक्य मी नंतर शंभर वेळा ऐकलंय. कराडला डॉक्टरांना दाखवलं, नुसतं टेंगूळ होतं. पण त्या दिवसापासून आमच्या गाडीत मूल मांडीवर बसलेलं नाही.

साधा हिशोब करून बघा. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर 11 किलोचं मूल जवळजवळ 190 किलो वजनाएवढ्या जोराने पुढे फेकलं जातं. एवढं वजन दोन हातांनी कोण धरणार? आणि आईच्या पट्ट्यातच मुलाला अडकवणं तर त्याहून वाईट. आईचं सगळं वजन मुलावर येतं.

"आम्ही नाही का मुलं मांडीवर नेली?" असं घरातली मोठी माणसं म्हणतात. नेली. तेव्हा दोन पदरी रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जायचो. आता महामार्गावर सगळे शंभरने जातात. आणि कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्या कलम 194-ब नुसार 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटमध्ये बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड आहे. दंडाच्या भीतीने कुणी सीट घ्यावी असं मला वाटत नाही, पण सासऱ्यांना पटवताना या कलमाचा मला उपयोग झाला.

*विकत घेताना.* वजन आणि उंची बघून घ्या, वयावर जाऊ नका. दुकानदार "एक वर्ष झालं ना, आता पुढे तोंड करा" म्हणेल. ऐकू नका. सीटच्या मर्यादेत मूल बसतंय तोवर त्याचं तोंड मागच्या काचेकडेच ठेवा. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. मागे तोंड असलं की धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. पाय दुमडून बसतं म्हणून हळहळू नका, मुलांना मांडी घालून बसायची सवयच असते. कुणी वापरलेली सीट देत असेल तर ती अपघातात सापडलेली नाही याची खात्री हवी, आणि मागे छापलेली मुदत वाचा. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होतं.

*बसवताना.* मागची डावी बाजू. आपल्याकडे डावी बाजू रस्त्याच्या कडेला येते, त्यामुळे मुलाला उतरवताना पाठीमागून ट्रक जात नाहीत. पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, मागे तोंड करून सीट कधीही लावायची नाही. एअरबॅग फुटली तर ती थेट सीटच्या पाठीवर आदळते. गाडीला आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक असतील तर ते वापरा. नसतील तर गाडीचा पट्टा सीटवर दाखवलेल्या वाटेनेच ओवा. बऱ्याच सीटांवर मागे तोंडासाठी निळी आणि पुढे तोंडासाठी लाल खूण असते. मग गुडघा सीटमध्ये टेकवून सगळा भार द्या आणि पट्टा ओढा. शेवटी पट्टा जिथून जातो तिथे धरून सीट हलवा. बोटभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून बसवा. मला पहिल्यांदा नीट बसवायला चाळीस मिनिटं लागली होती.

मुलाचे पट्टे बांधल्यावर खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट धरून बघा. चिमटीत पट्टा आला तर सैल आहे. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून निघायला हवेत. आणि थंडीत जाड स्वेटर घालून बांधू नका. स्वेटर दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी बांधा, मग वरून शाल टाका.

*सवय लावताना.* मी चुकले ती इथेच. प्रवासाच्या तीन आठवडे आधी सीट हॉलमध्ये आणून ठेवा. तिच्यात बसून मूल केळं खाईल, बाहुलीला बांधेल, पट्ट्याचा "टक्" आवाज काढेल. काढू द्या. आठवड्याने सीट गाडीत, गाडी पार्किंगमध्ये उभी, पाच मिनिटं बांधायचं आणि रडायच्या आत सोडायचं. मग भाजी मंडईपर्यंत. मग सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. शेवटच्या रविवारी सकाळी शिरवळपर्यंत जाऊन परत. धाकट्याला असं केलं आणि तो मालवणपर्यंत एकूण वीस मिनिटं रडला.

तो रडलाच नाही, असं मात्र नाही. तुमचंही रडेल. तेव्हा नियम एकच: गाडी थांबल्याशिवाय पट्टा सुटत नाही. दूध पाजायलाही नाही. एकदा जरी चालत्या गाडीत सोडलंत, तर मुलाला कळतं की इतकं रडलं की सुटका होते, आणि पुढच्या वेळी ते तेवढं रडतंच. फार झालं तर हॉटेल किंवा पेट्रोल पंप बघून आत वळा, उतरवा, दहा मिनिटं कडेवर घेऊन फिरा, परत बांधा. महामार्गाच्या कडेपट्टीवर गाडी उभी करू नका.

रडं थांबवायला आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडल्या त्या सासूबाई. त्या आधी मांडीवर घ्यायच्या बाजूच्या होत्या. टेंगूळ त्यांनीही पाहिलं होतं, पण नातीचं रडणं त्यांना सोसायचं नाही. मग मी त्यांना सीटशेजारची जागा दिली आणि सांगितलं, "आई, उचलायचं नाही, पण हात तिचाच." त्यांनी हात सीटमध्ये सोडला. लेकीने त्यांच्या हिरव्या बांगड्या एकेक करून मनगटापासून कोपराकडे सरकवल्या, परत खाली आणल्या, परत वर. कराड ते कोल्हापूर हेच चाललं होतं. आता धाकटाही सीटमध्ये बसल्या बसल्या आधी आजीचा हात मागतो. महागड्या खेळण्यांपेक्षा ही जागा नीट ठरवा, कोण कुठे बसणार ते.

थांबे

दर दोन तासांनी थांबायचं, मूल झोपलेलं नसेल तर. सातारा, कराड, कोल्हापूर. थांबलं की डायपर बदला, ओलं असो नसो.

कोल्हापूरला मात्र तासभर द्या. महामार्ग सोडून आत रंकाळा तलावावर जा. अकराच्या सुमाराला तिथे गर्दी नसते. मुलाला काठावर पळू द्या, हात धरून. दमलेलं मूल आणि भरलेलं पोट हे दोन्ही इथेच उरकायचं, कारण पुढे घाट आहे.

खाणं

मऊ इडली, घावन, केळं, भात. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं गाडीत अजिबात नाहीत. घशात अडकलं तर मागे तोंड केलेल्या सीटमधलं मूल चालवणाऱ्याला दिसत नाही, आणि गुदमरणारं मूल आवाज करत नाही. मी तर चालत्या गाडीत पाण्याशिवाय काहीच देत नाही. खाणं थांब्यावर.

घाट

कोल्हापूरहून खाली उतरायला आम्ही राधानगरी–दाजीपूर–फोंडा घाट ही वाट घेतो. गगनबावड्याहून करूळ घाटानेही जाता येतं, पण तो मध्यंतरी कामासाठी बराच काळ बंद होता. पावसाळ्यात कुठल्याही घाटात दरड येऊ शकते. म्हणून आदल्या दिवशी कणकवलीकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा. नकाशावर हिरवी रेघ दिसली म्हणजे घाट सुरू आहे असं नव्हे.

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो. लेकीला अडीचव्या वर्षी लागली. तेव्हा ती पुढे तोंड करून बसत होती आणि घाटात मोबाइलवर कार्टून बघत होती. ते मीच लावून दिलं होतं. डोळे स्थिर चित्रावर आणि शरीर वळणावर, म्हणजे उलटी होणारच. घाटात मोबाइल बंद, पुस्तक बंद. बाहेरची झाडं दाखवा, काच थोडी खाली करा. जेवण आणि घाट यांत दीड-दोन तास राहू द्या. रंकाळ्यावर साडेअकराला जेवलं की मूल राधानगरीच्या आधी झोपतं आणि घाट बहुतेक वेळा झोपेतच संपतो.

आणि चालवणाऱ्याला सांगा: वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही. निम्म्या उलट्या यानेच थांबतात.

गाडी लागू नये म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी करून देणारे लोक आहेत. देऊ नका. त्यातल्या काही गोळ्यांत प्रोमेथाझिन नावाचं औषध असतं आणि दोन वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नसतं, श्वासावर परिणाम होऊ शकतो. द्यायचं असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, त्यांनी लिहून दिलेल्या मापानेच.

घाट उतरल्यावर

उकाडा एकदम जाणवतो. पट्ट्याचं बक्कल उन्हात चटका बसेल इतकं तापतं, म्हणून गाडी उभी करताना सीटवर ओढणी टाका आणि परत बांधताना बक्कल आधी आपल्या मनगटाला लावून बघा. "दोन मिनिटांत नारळ घेऊन येतो" म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवून जाऊ नका. मे महिन्यात दोन मिनिटंही नाही.

कणकवलीला मुंबई-गोवा महामार्ग लागतो, कसालला मालवणसाठी उजवीकडे वळायचं. शेवटचा तास मूल कंटाळलेलं असतं आणि मोठी माणसं "आलंच आता" म्हणून सैल पडतात. कसालच्या पुढे नणंद म्हणते, "आता काय, घर आलं, दे इकडे." पट्टा तरीही सुटत नाही. अंगणात गाडी उभी राहिली, चावी काढली, की मग आत्याकडे द्या.

दुसऱ्या दिवशी सीटचं कापड काढून धुवा. पट्टे मात्र साबणात भिजवू नका, ब्लीच तर नाहीच. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. बक्कल उलटं धरून झटका. त्यात बिस्किटाचा चुरा जातो आणि "टक्" आवाज आला नाही तर ते लागलेलं नसतं. परतीला निघायच्या आदल्या रात्री तो आवाज एकदा ऐका.