पुस्तक वाचून पूलचा खेळ आणि जाहिरात शिकताय? मग मी केल्या त्या चुका टाळा

माझं नागपुरात सक्करदऱ्याकडे कूलरचं दुकान आहे. विकणं, रिपेरिंग, पंप बदलणं, खसच्या ताट्या बदलणं, सगळंच. होळी झाली की मृगापर्यंत जेवायला टाइम नसतो आणि नंतर सात-आठ महिने नुसतं बसायचं. त्या रिकाम्या दिवसांत मला दोन नाद लागले, एक पूलचा, म्हणजे टेबलवर स्टिकने बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ, आणि एक जाहिरातीच्या पुस्तकांचा. बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात दोन्ही विषयांची पुस्तकं एकाच दिवशी सापडली, म्हटलं घेऊन टाकू, संध्याकाळी खेळता येईल आणि सीझनला धंद्याला कामी येईल.

पुस्तक वाचून कोणी पूल शिकतं का बे, असं मित्र अजून म्हणतात. शिकतं ना. फक्त मी पहिलं दीड वर्ष जसं वाचलं तसं वाचू नका.

पुस्तकातलं टेबल तुमचं नाही

पूलची बहुतेक चांगली पुस्तकं अमेरिकन. त्यातल्या आकृत्या ९ फुटी टेबलच्या, म्हणजे खेळायची जागा १०० बाय ५० इंच आणि बॉल ५७ मिलिमीटरचा. आपल्या पार्लरमध्ये कुठे ८ फुटी टेबल, कुठे त्याहून लहान, आणि कोपऱ्यात १२ फुटी स्नूकर, ज्याचा बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, पॉकेटचे ओठ गोल आणि कापडाला लव. (स्नूकर निघालं ते आपल्या शेजारच्या जबलपूरला, १८७५ मध्ये, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, हे माहीत नसलेले लोक पार्लरमध्ये खूप सापडतात, पैज लावून बघा.) मी पूलच्या पुस्तकातले कुशनचे, म्हणजे टेबलच्या कडेच्या रबरी पट्टीचे, हिशोब स्नूकरच्या टेबलवर लावून बघत होतो आणि वरून पुस्तकालाच शिव्या देत होतो. त्यात पावसाळ्यात कापड ओलसर होतं, बॉल जड चालतो, आणि बॉल मळलेले असले तर एकमेकांना घासताना जरा ओढून नेतात, म्हणजे बरोबर कापलेला (बॉलला बाजूने मारलेला) शॉटसुद्धा जाड जातो, हवा तेवढा वळत नाही. म्हणून आधी बॉल पुसून मागा. मार्कर, म्हणजे पार्लरमध्ये टेबल सांभाळणारा पोरगा, तोंड वाकडं करेल, करू द्या.

जाहिरातीतही मी सेम तेच केलं. पुस्तकात लिहिलं होतं की वस्तू विकू नका, फायदा विका. मी पॅम्प्लेटवर मोठ्या अक्षरांत छापलं, ‘उकाड्याला करा टाटा!’ आता सांगा, नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीत बसलेल्या माणसाला उकाडा होऊन राहिला हे मी सांगायला पाहिजे का? त्याला ते पाठ आहे. त्याला माहीत नसतं ते इतकंच, की आज फोन केला तर आज कोणी येते की ‘उद्या पाठवतो’ म्हणून आठ दिवस काढते. पुढच्या वर्षी लिहिलं, ‘कूलरला वास येतो? त्याच दिवशी घरी येऊन ताट्या बदलून देतो.’ त्यात काव्य नाही, यमक नाही. फोन मात्र आले.

ज्या ठिकाणी लागायला पाहिजे तिथेच बघणं

ही चूक नव्वद टक्के नवे लोक करतात असं मी म्हणणार होतो, पण मोजलं नाही, तेव्हा मी केली एवढंच सांगतो. पुस्तकात आकृती असते की पॉकेटपासून सरळ रेघ काढा, ती बॉलच्या पाठीमागे जिथे बाहेर पडते तिथे व्हाइट (आपण स्टिकने मारतो तो पांढरा बॉल) लागली की बॉल आत. खरंच आहे. मी त्या ठिपक्यावर नेम धरून मारायचो आणि बॉल दर वेळी पॉकेटच्या अलीकडे कुशनला धडकायचा. महिनाभर मला वाटलं माझा हात हलतो.

मार्कर पोरगा बघत होता. तो आला, म्हणाला, “काका, तुम्ही नेम कशाचा धरून राहिले, ठिपक्याचा ना? व्हाइट काय टाचणी आहे का?” आणि त्याने एक दुसरा बॉल उचलून माझ्या बॉलला पाठीमागून चिकटवून ठेवला, पॉकेटच्या रेघेत. म्हणे आता या चिकटलेल्या बॉलच्या मधोमध बघा, व्हाइट तिथे पोचवायची. मग बॉल काढून घेतला आणि म्हणाला, आता तो तिथे आहे असं समजून मारा.

यालाच पुस्तकात घोस्ट बॉल म्हणतात आणि ते मी चार वेळा वाचलं होतं बरं का. व्हाइटलाही जाडी असते, त्यामुळे तिचा मध्य समोरच्या बॉलच्या मध्यापासून एक अख्खा बॉल, म्हणजे ५७ मिलिमीटर मागे यायला हवा. ठिपक्यावरच नेम धरला तर व्हाइट जास्त जाड लागते, ३० अंशाचा कट हवा असेल तर जेमतेम १५ मिळतो. हात कुठेच हलत नव्हता, माझं गणित अर्धं होतं.

तेव्हापासून कुठलीही आकृती वाचली की मी आधी टेबलवर खरे बॉल मांडतो. घरी असलो तर दोन संत्री. हसू नका, चालतं.

बॉल गेला म्हणजे झालं, असं समजणं

सगळ्यांचे डोळे आत जाणाऱ्या बॉलवर. पण खेळ तर व्हाइटचा आहे, ती पुढच्या शॉटला कुठे थांबली यावर पुढचे तीन बॉल ठरतात. चांगला खेळणारा बोअर वाटतो ना, सगळे सोपेच शॉट मारतो, तो सोपे शॉट स्वतःसाठी मांडत चाललेला असतो.

व्हाइट सारखी पॉकेटमध्ये पडत असेल तर नशिबाला बोल लावायच्या आधी हे बघा. व्हाइट घसरत जाऊन लागली, म्हणजे लागताना तिच्यावर पुढचं-मागचं कुठलंच फिरणं नसलं, तर कट मारल्यावर ती बॉलच्या रस्त्याला काटकोनात निघते. आणि लोळत जाऊन लागली तर अर्ध्याच्या आसपास जाड शॉटला (व्हाइट निम्म्या बॉलवर लागते तो) तिच्या मूळ रस्त्यापासून साधारण ३० अंश वळते. पहिलं आणि मधलं बोट व्हीसारखं सैल ताणलं की साधारण तेवढाच कोन होतो, तेच टेबलवर धरून बघायचं. मी फक्त काटकोनवालं पान वाचलं होतं, पुढचं पान वाचायच्या आधीच स्टिक घेऊन पळालो, आणि हळू मारलेल्या प्रत्येक शॉटला व्हाइट भलतीकडे.

आता जाहिरातीतली व्हाइट म्हणजे काय, तर जाहिरात वाचल्यावर माणूस पुढे कुठे जाऊन थांबतो ते. एका एप्रिलमध्ये पॅम्प्लेट टाकली, दोन दिवस फोन धडाधडा वाजला, मी खूश, पोरगं खूश. आणि मी काय करून राहिलो होतो? दुसऱ्याच्या गच्चीवर कूलरच्या टाकीत हात घालून बसलो होतो, फोन खाली पिशवीत. रात्री बघितलं तर १९ मिस्ड कॉल. परत लावले तर निम्म्यांनी सांगितलं, झालं भाऊ, दुसऱ्याकडून करून घेतलं. पैसे माझे, गिऱ्हाईक त्याचं. जाहिरात एकदम मस्त पॉट झाली होती, व्हाइट पण सोबत आत.

आता पॅम्प्लेटवर नंबर घरच्यांचा, त्या उचलतात, पत्ता आणि टाइम वहीत लिहितात. आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की जाहिरात बंद. त्या दिवसांत हातच कमी पडतात, आलेल्या फोनला नाही म्हणायला पैसे कशाला घालायचे. जाहिरात फेब्रुवारी-मार्चमध्ये, लोक कूलर गच्चीवरून खाली काढतात तेव्हा.

वही न ठेवणं

मला विचाराल तर सगळ्यात महाग चूक ही. क्लॉड हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९२३ मध्ये जाहिरातीवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात त्याचा सगळा जोर मोजण्यावर आहे. जाहिरातीतलं कूपन कापून लोक पाठवायचे, कुठल्या जाहिरातीचं कूपन किती आलं ते मोजायचं, आणि त्यावरून ठरवायचं. मी ते वाचून म्हटलं, आपल्याकडे कोण कूपन कापते, सोडा. आणि मोजायचंही सोडून दिलं. कूपन तेवढं बाद करायचं होतं, मोजणं ठेवायचं होतं.

पुढे आयडिया सुचली ती अगदी देशी आहे. नंदनवनला गुलाबी कागद, मानेवाड्याला पिवळा, मजकूर तोच, हजार-हजार. पेपरवाल्याकडे पहाटे नेऊन दिले. फोन आला की विचारायचं, कागद कोणत्या रंगाचा आहे हो तुमच्याकडे? लोक चक्रावतात पण सांगतात. गुलाबीवरून ११ फोन, पिवळ्यावरून ३. मग मानेवाड्याला पुढच्या वेळी फक्त वरची ओळ बदलली, बाकी काही नाही. ओळ, कागद, एरिया सगळं एकदम बदललं की फोन वाढले तरी काहून वाढले ते कळत नाही, आणि कमी झाले तर त्याहून नाही.

पूललाही वही. एकच शॉट २० वेळा, किती गेले, किती डावीकडे चुकले, किती उजवीकडे. सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर नेम तपासा, दोन्हीकडे विखरत असतील तर हात. बॉल दर वेळी त्याच जागी ठेवायला मी कापडावर खडूने फुली मारली होती, मालकाने जी झाडली ती लिहिण्यासारखी नाही. फाइलच्या भोकाला लावतात ते गोल रिंगचे स्टिकर मिळतात, ते लावा आणि जाताना काढा.

लवकर हुशारी दाखवणं

साइड स्पिन हे पहिल्या वर्षी विसरून जा. व्हाइटला मध्याच्या उजवीकडे मारलं की ती आधी थोडी डावीकडे सरकते, म्हणजे नेमच बदलतो, आणि जिथे सरळ नेम पक्का नाही तिथे कशात चुकलं ते सापडणारच नाही. बॅक स्पिन, म्हणजे व्हाइटला मागे आणणारं उलटं फिरणं, येत नाही ही पण नेहमीची तक्रार. खाली मारताय, पण व्हाइट लांबून हळू जात असेल तर मधल्या कापडावरच ते फिरणं मरतं. आणि मध्यापासून १४ मिलिमीटरच्या पलीकडे मारायला गेलात तर चॉक लावा नाहीतर पूजा करा, मिसक्यू होणारच, स्टिक बॉलवरून घसरणार.

जाहिरातीतला साइड स्पिन म्हणजे कोट्या. ‘कूल राहा, कूलर घ्या’ हे मला फार आवडलं होतं. मला.

फ्लेक्सचं एक सांगतो. माझ्या पहिल्या फ्लेक्सवर ‘आमचे येथे’पासून सुरू करून ३१ शब्द होते, वर देवाचा फोटो, बाजूला माझा, खाली प्रो. प्रा. ४० च्या स्पीडने गाडीवाला सेकंदाला ११ मीटर जातो, तीस-पस्तीस मीटरवरून अक्षर दिसायला लागलं तर त्याच्याकडे तीन सेकंद आहेत, त्यातही पुढे गाय असते. पुस्तकातले अक्षरांच्या साइझचे नियम रोमन अक्षरांचे, आपल्याला वर मात्रा, खाली उकार, बारीक रफार. ‘कूलर’चा उकार लांबून दिसलाच नाही की उरतं ‘कलर’, आणि मला खरंच एकाने घराला रंग द्यायचा रेट विचारला होता. आता फ्लेक्सवर चार शब्द आणि नंबर, फोटो कोणाचाच नाही. आई अजून नाराज आहे.