पहिली गाडी लोनवर घेताय? फाईल टाकायच्या आधी या चुका टाळा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे पंधरा दिवस आणि दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस माझा फोन सकाळी सातलाच वाजायला लागतो. पलीकडे बावीस-चोवीस वर्षांचं पोरगं, आवाज बसलेला. "भाऊ, मनी फाईल काब्र अटकनी?" म्हणजे माझी फाईल का अडकली. बुकिंगचे अकरा हजार भरून झालेले, शोरूममध्ये गाडीला हात लावून काढलेला फोटो स्टेटसला टाकून झालेला, आत्या-मावशीला फोन करून झालेले, आणि आता बँक नाही म्हणतेय. बारा वर्षं झाली जळगावात बसून लोनच्या फायली करतोय, एमएच १९ असो, धुळ्याची १८ असो नाहीतर नंदुरबारची ३९, चुका त्याच त्याच आहेत. एखाद्याने नवीन चूक केली तर मी त्याला स्वतःच्या पैशाने भरीत-भाकरी खाऊ घालीन.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, आधी २८ टक्के आणि वरून सेस होता. तेव्हापासून तर जो तो शोरूमकडे पळतोय. पळा, पण आधी फाईल बघा आणि मग गाडी बघा, ही माझी सवय आहे आणि ती ऐकणारे दहात दोन असतात.

एका जागी नाही म्हटलं की पाच जागी फाईल फेकणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

यावल तालुक्यातलं एक पोरगं, जळगाव एमआयडीसीत पाईपच्या कंपनीत कामाला, हातात पगार २६ हजार, आखाजीला गाडी दारात पाहिजे म्हणजे पाहिजे. पहिल्या बँकेने नाही म्हटलं. का नाही म्हटलं हे ना याने विचारलं ना शोरूमवाल्याने. शोरूमच्या फायनान्स काउंटरवरच्या पोराने "टेन्शन नका घेऊ दादा, करून टाकू" म्हणत त्याच दिवशी त्याची फाईल आणखी पाच ठिकाणी टाकली. हा घरी गेला, झोप येईना, तर रात्री खाटेवर पडल्या पडल्या मोबाईलवर तीन-चार ॲपमध्ये "तुमची पात्रता तपासा" वर बोट दाबत बसला. माझ्याकडे आला तेव्हा नऊ दिवसांत अकरा चौकश्या त्याच्या सिबिल रिपोर्टवर, म्हणजे कर्ज कसं घेतलं-फेडलं याच्या नोंदवहीवर, लागलेल्या होत्या.

हे समजून घ्या. तुम्ही लोन मागितलं की ती बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद रिपोर्टमध्ये राहते, कोणी मागवला, कधी मागवला, किती रकमेसाठी. पुढचा बँकवाला ती यादी बघतो आणि त्याच्या डोक्यात एकच येतं, की हा पोरगा आठवडाभर दारोदार पैसे मागत फिरतोय आणि कोणी दिलेले नाहीत, मग मीच का देऊ. स्कोअर, म्हणजे त्या रिपोर्टवरून मिळणारे गुण, थोडा उतरतो ते वेगळंच. तुम्ही स्वतः स्वतःचा रिपोर्ट काढला तर मात्र स्कोअरला काही होत नाही, हे निम्म्या पोरांना माहीतच नसतं, ते घाबरून बघतच नाहीत आणि दुसऱ्यांना अकरा वेळा बघू देतात.

मी त्याला समोर बसवून रिपोर्ट उघडला. वरच्या पानावर काही नाही. खाली स्क्रोल करत गेलो तर एक खातं दिसलं, ग्राहक वस्तूसाठीचं कर्ज, म्हणजे तीन वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेला मोबाईल. थकीत रक्कम किती? ५९० रुपये. खाली महिन्या-महिन्याचे चौकोन असतात, त्यात किती दिवस थकलं ते लिहिलेलं असतं, चांगलं असेल तर तीन शून्य. याचे पहिले अकरा चौकोन शून्य-शून्य-शून्य आणि मग आकडे चढत गेलेले. झालं असं की शेवटच्या हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे कमी होते, हप्ता बाऊन्स झाला, याने चार दिवसांनी लिंकवरून हप्ता भरला आणि विषय संपला समजला. बाऊन्सचे ५०० आणि त्यावर ९० रुपये जीएसटी तसेच पडून राहिले. फोन येत होते, हा म्हणे "कंपनीवाले सारखे फोन करतात म्हणून ब्लॉक केलं". आता काय बोलणार.

५९० रुपये त्याने तिथेच बसून भरले. पण भरले म्हणजे लगेच पुसलं जात नाही ना भो. त्या फायनान्स कंपनीकडून खातं बंद झाल्याचं पत्र घ्या, मग रिपोर्टमध्ये दुरुस्ती व्हायची वाट बघा. आता २०२५ पासून बँका महिन्यातून निदान दोनदा माहिती पाठवतात म्हणून बरं आहे. रिपोर्टमध्ये चूक असेल तर सिबिलच्या साईटवर तक्रार टाकता येते, ३० दिवसांत निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार टाका, नंबर जपून ठेवा. आणि या काळात नवीन फाईल कुठेही टाकू नका, कुठेही म्हणजे कुठेही. त्याला मी चार महिने थांबवला, रडला, रुसला, एकदा तर दुसऱ्या एजंटकडे जाऊन आला. पोळ्याच्या आसपास एकाच बँकेत एकच फाईल टाकली, झाली. बुकिंगचे पैसे मात्र कापून मिळाले.

माझी पद्धत सांगतो, पुस्तकातली नाही. गाडी घ्यायच्या सहा महिने आधी रिपोर्ट काढायचा. देशात चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, चौघींनाही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. तीन-तीन महिन्यांनी एकेकीचा काढला तर वर्षभर फुकटात लक्ष राहतं. कोणी "सिबिल वाढवून देतो, दोन हजार द्या" म्हणाला तर तिथून निघा. सिबिल कोणी वाढवत नाही, ते तुमच्याच वागण्याने वाढतं.

वडिलांना सोबत घेताना वडिलांचं खातं न बघणं

पगार कमी पडतो म्हणून बँक म्हणते सहअर्जदार आणा, पोरगं वडिलांना घेऊन येतं, आणि फाईल वडिलांमुळे पडते. आपल्या भागात हे फार आहे आणि याच्यावर कोणी बोलत नाही, कारण घरातला विषय असतो.

वडिलांच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेचं केसीसी, म्हणजे किसान क्रेडिट कार्डावरचं पीक कर्ज, असतं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेवर भरलं तर व्याज ४ टक्क्यांत बसतं, इतकं स्वस्त कर्ज जगात कुठे मिळत नाही असं मी म्हणतो. पण पारावर चर्चा काय? "भरू नको, माफी येणार." २०१७ ला आली, २०१९ ला आली, मग पुन्हा येईलच. ती येईल तेव्हा येईल, तोवर खातं थकीत होतं, आणि थोड्या मुदतीच्या पिकांचं कर्ज दोन हंगाम थकलं की बँकेच्या हिशोबात ते एनपीए, म्हणजे अडकलेलं कर्ज. काका मला म्हणतात, "मी तर शेतीचं कर्ज घेतलं, पोराच्या गाडीशी काय संबंध?" संबंध असा, की सहअर्जदार म्हणून सही केली की तुमचा रिपोर्ट पण टेबलावर येतो.

आणि तडजोड करून थोडे पैसे भरून मिटवलं असेल तर तिथे खातं बंद असं न येता सेटल्ड असं येतं. बँकवाल्याच्या भाषेत त्याचा अर्थ पूर्ण पैसे दिले नाहीत. शक्य असेल तर उरलेले भरा आणि बंद झाल्याचं पत्र घ्या. नाहीतर सहअर्जदार आईला करा, नोकरीवाल्या मोठ्या भावाला करा. एक रावेरचे केळीवाले काका हे ऐकून इतके चिडले की अर्धा चहा टाकून निघून गेले, आठ दिवसांनी केसीसीची पावती घेऊन आले आणि म्हणाले, "आते बोल." म्हणजे आता बोल.

जामीनदाराचंही तसंच. मित्राच्या ट्रॅक्टरला सही दिली असेल आणि त्याने हप्ते थकवले तर ते तुमच्याही रिपोर्टला दिसतं. सही करताना कोणी सांगत नाही.

खात्यात पैसे ऐनवेळी टाकणं

कापूस खेडा खरेदीवाल्याला रोखीत विकला, पैसे घरात, आणि लोनची फाईल टाकायच्या आठवड्यात खात्यात एकदम दीड लाख. बँकवाला सहा महिन्यांचं, कधी वर्षाचं स्टेटमेंट मागतो आणि त्याला तो एकटा डोंगर लगेच दिसतो. त्यापेक्षा माल विकला की तेव्हाच पैसे खात्यात येऊ द्या, वर्षभर. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्नमध्ये दाखवा, दोन वर्षांचे रिटर्न असले की फाईलला पाठीचा कणा येतो. सातबारा आणि आठ अ सोबत ठेवा. आणि डाऊन पेमेंट रोखीने द्यायचं मनात असेल तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख शोरूमवाल्याला घेताच येत नाही, कायदा आहे, तिथे जाऊन भांडू नका.

"माझं कुठलंच कर्ज नाही, मग माझं सिबिल तर एक नंबर"

नाही. कर्जच नाही म्हणजे स्कोअरच नाही, तिथे उणे एक नाहीतर एनएच, म्हणजे नो हिस्टरी, असं येतं. हे वाईट नाही, रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय की इतिहास नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला परत पाठवू नका. पण बाकीच्या गोष्टी मग जास्त बारकाईने बघतात. माझा उपाय साधा, १५-२० हजारांची एफडी करा आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, महिन्याला पेट्रोल तेवढं त्याच्यावर भरा, बिल आलं की पूर्ण भरा. किमान रक्कम भरायचा पर्याय दिसतो ना, तो आहे असं समजूच नका.

पगार २४ हजार आणि नजर सनरूफवर

६ लाखांचं लोन, ९ टक्के, पाच वर्षं, हप्ता होतो साधारण १२,४५०. बाईकचा हप्ता चालू असेल तर तो वेगळा. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यावर गेले की बहुतेक ठिकाणी फाईल लंगडते. बाईकचा हप्ता आधी संपवा, नाहीतर गाडी एक मॉडेल खाली घ्या. पेट्रोल गाडीला दहा लाखांच्या आत असली तरी रोड टॅक्स ११ टक्के आहे, विमा वेगळा, हे धरून डाऊन पेमेंट जमवा. ते जमवायला वैयक्तिक कर्ज काढणारे पण भेटलेत मला, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

फ्लॅट व्याजाला भुलणं

"फक्त ९ टक्के" ऐकलं की विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज, घटत्या शिलकीवर म्हणजे फक्त उरलेल्या रकमेवर. ५ लाख पाच वर्षांसाठी घटत्या शिलकीवर ९ टक्के, हप्ता १०,३७९. तेच फ्लॅट ९ टक्के, हप्ता १२,०८३, म्हणजे खरा दर साडेपंधराच्या वर जातो. जुन्या गाडीच्या फायनान्सला हे जास्त चालतं. तोंडी ऐकू नका, कर्जाचा खरा वार्षिक दर, प्रोसेसिंग फी, विमा हे सगळं एका कागदावर लिहून देणं ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक आहे. तो कागद मागा, सही करायच्या आधी मागा.

सात वर्षांचा हप्ता ८,०४५ दिसतो म्हणून खूश होऊ नका, त्याच ५ लाखांवर पाच वर्षांपेक्षा व्याज ५३ हजार जास्त जातं.

बाकी किरकोळ, पण रोजच्या. आधारवर नुसतं नाव आणि "पाटील", पॅनवर मात्र मध्ये वडिलांचं नाव, अशी नावं जुळत नसतील तर आधी दुरुस्त करून या. आधारचा पत्ता गावाचा, राहायला जळगावात भाड्याने, तर भाडेकरार आणि लाईट बिल आणा. नोकरी बदलून दोन महिने झाले असतील तर थांबा. बनावट पगारपत्रक बनवून देणारे सायबर कॅफेवाले आहेत, तिकडे फिरकू नका, पकडलं गेलं तर गाडी राहू द्या, तुमच्या नावावर कायमचा शिक्का बसतो. घरात उत्पन्न सीझनला येत असेल तर सहामाही हप्ता काही ठिकाणी मिळतो, विचारायला लाजू नका.

आणि शेवटचा हप्ता भरला की बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. हे न केल्यामुळे गेल्या महिन्यात एकाची गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माझ्याच टेबलावरून उठून गेलं.