रेड ऑक्साइड मारण्याआधी गंज काढा

मे महिना लागला की खानापुरातल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात एकच मागणी सुरू होते: "गेट गंजलंय, वरनं एक हात रेड ऑक्साइड मारून द्या." मी तसा मारून देत नाही. त्या डब्यातला लाल रंग स्वतःच लोखंडाचा ऑक्साइड, गंजाचाच भाऊबंद. लोखंड राखतो तो त्याच्यासोबतचा चिकट भाग. सुकल्यावर त्याचा पापुद्रा पाणी अडवतो. पण खाली सुटा गंज असेल तर पापुद्रा गंजाला धरतो, लोखंडाला नाही. मग पावसात गंजासकट पोपडे निघतात.

गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. लोखंडावर थेंब पडला की त्याच्या मधल्या भागात लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन लोखंडातूनच थेंबाच्या कडेला जातात, कारण तिथे हवेतला ऑक्सिजन जास्त मिळतो. ऑक्सिजन आणि पाणी मिळून ते इलेक्ट्रॉन घेतात आणि हायड्रॉक्साइड तयार होतं. विरघळलेलं लोखंड त्याला भेटलं की आणखी ऑक्सिजन घेऊन तांबूस गंज होतो. म्हणून खड्डा पडतो मधे आणि लाल कडं उठतं भोवती. पाण्यात मीठ किंवा खत असलं की वीज सहज वाहते आणि हे सगळं भराभर होतं. पोटॅश म्हणून आपण जे शेतात टाकतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, तेव्हा विळे-खुरपी खताच्या पोत्याजवळ ठेवूच नका.

ॲल्युमिनियमलाही ऑक्साइड धरतो, पण तो पातळ आणि घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे खालचा धातू वाचतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, भेगाळतो आणि पाणी धरून ठेवतो. आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की पाऊस अंगावर न पडताही लोखंडावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो. निपाणीकडचा कोयता कोरड्या घरात टिकतो. तसाच कोयता कणकुंबी-जांबोटीच्या पावसाळ्यात छपराखाली टांगूनही लाल होतो.

आता काम. आधी चिखल धुऊन अवजार वाळवा. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, मग पॉलिश पेपर फिरवा. गंज खोल असेल तर चिंचेच्या दाट कोळात रात्रभर बुडवा. त्यातलं आम्ल गंज विरघळवतं. पण गंज संपला की तेच आम्ल लोखंडाला लागतं, म्हणून सकाळी काढाच. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने परत धुवा आणि लगेच पुसून उन्हात किंवा चुलीजवळ वाळवा. ओलं ठेवलं तर बघता बघता नवीन लाली चढते. संडास धुवायचं ॲसिड मात्र वापरू नका. त्यातलं क्लोराइड खड्ड्यांत राहतं आणि गंज आधीपेक्षा लवकर परततो.

चुलीजवळ म्हणजे विस्तवात नव्हे. धार तापून निळी पडली तर ती साधारण 300 अंशांपर्यंत गेली समजा. लोहाराने दिलेलं पाणी उतरतं आणि धार मऊ पडते. तो निळा रंगही पातळ ऑक्साइडचाच.

घासूनही घट्ट बसलेला पातळ गंज राहिला तर हिरड्याची पूड पाण्यात उकळून, गाळून, तो काढा लावा. हिरड्यातलं टॅनिन गंजातल्या लोखंडाशी जुळून निळसर काळा थर होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून शाई करत, तीच क्रिया ही. जाड पोपड्यावर याचा उपयोग नाही, आणि हा थर एकटा पाऊस सोसत नाही. वाळला की त्यावर तेल किंवा रंग हवाच.

गेटला आता रेड ऑक्साइड मारा. धूळ पुसून, कोरड्या दिवशी. वेल्डिंगचे जोड आणि खालची पट्टी, जिथे पाणी साचतं, तिथे दोन हात. तो वाळल्यावर वरून ऑइल पेंट; नुसता प्रायमर पावसात सोडायचा नाही.

विळा, कुदळ, फावडं यांना रंग टिकत नाही, तेलच बरं. इंजिनातून काढलेलं काळं तेल फुकट मिळतं म्हणून लोक फासतात. त्यात आम्ल आणि पाणी दोन्ही असू शकतं, मी ते वापरत नाही. जवसाचं तेल अगदी पातळ पुसा. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतः घट्ट होतं आणि पापुद्रा धरतं. लाकडी दांड्यालाही तेच चालतं. पण त्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. घट्ट होताना ते तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.